प्रश्नपत्रिकेसाठी ग्राफिक्स कार्ड

सहा माणसं भरलेल्या रिक्षात सातवा चढला तर तो बसतो कुठे, हे गणित वासंती तावडेला कधी सुटलं नव्हतं. आणि ती तर गणिताचीच शिक्षिका. मसाटहून सिल्वासाला निघालेल्या त्या रिक्षात तिच्या मांडीवर कॉम्प्युटरचा जडशीळ डबा होता. उजवीकडे सुक्या बोंबलांची टोपली घेतलेली एक बाई होती, आणि डावीकडे, पहिली शिफ्ट तीनला सुटते ना, म्हणून एक निळ्या शर्टातला कंपनीवाला अर्धा आत, अर्धा बाहेर लटकत होता.

रिक्षा खड्ड्यात आदळली. डब्यात काहीतरी खुळखुळलं.

"मॅडम," निळा शर्ट म्हणाला, "आत स्क्रू सुटलाय."

वासंतीने बाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ऑगस्टचा चिखल आणि कंपन्यांच्या भिंती.

"बोर्डावर अडकला तर शॉर्ट होईल. घरी गेल्या गेल्या चालू नका करू. आधी झाकण उघडून बघा."

"मी विचारलं का तुम्हाला?"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "पण स्क्रू पण विचारून सुटत नाही ना."

बोंबलांची बाई फिस्सकन हसली. वासंतीचे कान तापले. हा माणूस किलवणी नाक्याला उतरला, वाकून म्हणाला, "भगवंतशेठच्या रेडिओच्या दुकानात कोपऱ्यात टेबल आहे माझं. बोरसे विचारा," आणि वर रिक्षावाल्याला बजावून गेला की बेनला टोकरखाड्यात दारापर्यंत सोड, खड्डे बघून चालव. आता सांगा, असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? पण वासंतीला ते जमलं. तिला राग फार छान जमायचा.

घरी तिने आधी झाकण उघडलं. स्क्रू होता. दोन होते.

डबा जुना होता, चार वर्षं वापरलेला. मसाटची एक कंपनी आपलं ऑफिस नवं करत होती, तिने काढून टाकलेला. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तो घ्यायला होकार दिला तो केवळ प्रश्नपत्रिकांसाठी. रघुनाथ तावडे बांधकाम खात्यात हेडक्लार्क होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि कुठल्याही गोष्टीला 'प्रयोजन काय' हे विचारल्याशिवाय ते सही करत नसत, मग ती घरची भाजी का असेना. स्टेन्सिलवर हाताने प्रश्नपत्रिका कोरून वासंतीचा खांदा दुखायचा, ते त्यांनी बघितलं होतं. प्रयोजन पटलं.

खरं प्रयोजन वेगळं होतं, आणि ते वासंतीने देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात ठाण्याला मावसभावाकडे तिने एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळून बघितला होता. बघितला म्हणजे काय, पाच दिवस सोडलाच नाही. लाल गाडी, घाटाचा रस्ता, आणि वळणावर ब्रेक न लावता गाडी आत घातली की पोटात जे काही व्हायचं, ते तिच्या सव्वीस वर्षांत कशानेच झालं नव्हतं. तिला सायकलशिवाय काही चालवायला मिळालं नव्हतं. स्कूटर शिकते म्हणाली तेव्हा अण्णांनी प्रयोजन विचारलं होतं. येताना तिने भावाकडून त्या गेमची सीडी मागून आणली आणि साडीच्या घडीत ठेवली.

रविवारी दुपारी अण्णा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले. वासंतीने आवाज बंद केला, सीडी घातली, लाल गाडी निवडली. गाडी सुटली... आणि थांबली. परत सुटली, परत थांबली. घाट तुकड्या-तुकड्यांनी यायचा. आधी कडा, मग रस्ता, मग 'अरे, आपण दरीत पडलो की' हे कळायचं. ही शर्यत नव्हती, ही गणपतीची मिरवणूक होती.

भावाला शाळेतून फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, डिस्प्ले कार्ड टाकावं लागेल. तुझ्या बोर्डावरचं फुसकं आहे." ग्राफिक्स कार्डाला तेव्हा सगळे डिस्प्ले कार्ड म्हणायचे. कुठलं टाकू, विचारलं तर म्हणाला, "तिथल्या कोणाला तरी दाखव."

तिथला कोणीतरी म्हणजे सिल्वासात एकच होता.

भगवंतशेठने तिला बघताच कोपऱ्याकडे हात केला आणि वर न विचारता ऐकवलं, "बोरसेकडे काम असेल तर उरकून घ्या बेन. तीस सप्टेंबरला त्यांची कंपनी गाशा गुंडाळून पाँडिचेरीला चालली. करमाफी संपली की शेठलोक इथं एक दिवस काढत नाहीत. यालाही तिकडे चल म्हणून पत्र आलंय, पगारवाढीचं."

म्हणजे हातात महिना होता. वासंतीला तेव्हा वाटलं, कार्डासाठी पुष्कळ आहे.

सुकदेव बोरसे अमळनेरकडचा. मॉनिटरच्या कंपनीत टेस्टिंगला होता, दिवसाला तीनशे मॉनिटर बघायचा आणि उरलेल्या वेळात लोकांचे कॉम्प्युटर. बोलायचा हळू, एकेक शब्द तपासून बाहेर सोडल्यासारखा. त्याने स्टूल पुढे केलं.

"मला डिस्प्ले कार्ड हवंय," वासंती म्हणाली. "स्वस्तातलं. दोन-अडीच हजारांच्या वर नाही."

"काय करायचं त्याच्यावर?"

"कशावर?"

"मशीनवर, मॅडम. तुम्ही काय करता त्याच्यावर, ते कळलं की कार्ड सांगता येतं. कार्ड काय, शंभर आहेत."

तिथेच खरं बोलून टाकलं असतं तर ही गोष्ट एका पानात संपली असती. पण भगवंतशेठ कान टवकारून बसलेला, बाहेर आठवीतल्या मुलाची आई भाजी घेत उभी, आणि शाळेत मुख्याध्यापिका सुलभाताई. तावडेबाई घरी गाड्या पळवतात म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर गाडीचं चित्र निघालं असतं.

"प्रश्नपत्रिका," वासंती म्हणाली.

"प्रश्नपत्रिकेला कार्ड कशाला?"

"अक्षरं... अक्षरं नीट दिसत नाहीत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे जरा बारीक करून, मॉनिटरचे रंग तपासत असावा तसं. "बरं," म्हणाला. "अक्षरांचं बघू."

शनिवारी तो घरी आला. चपला दाराबाहेर सरळ लावून ठेवल्या, अण्णांना नमस्कार केला, डबा उघडला. खिशातून जुनं पण स्वच्छ कार्ड काढलं आणि म्हणाला, "मॅडम, खोडरबर आहे?"

"खोडरबर?"

"पांढरा. शाईचा नको."

शिक्षिकेच्या घरात खोडरबराला काय तोटा. तिने पर्समधला दिला. कार्डाच्या काठावर सोनेरी दाते असतात, ते तो खोडरबराने घासत बसला. एका दिशेने, हलक्या हाताने. पावसाळ्यात त्यांच्यावर हवा बसते म्हणाला. वासंतीला त्या हाताकडे बघायचं नव्हतं. ती बघत होती. एवढी जाड बोटं, बोरूसारखी काळी पडलेली, आणि घासणं असं की तान्ह्या बाळाचं नाक पुसतोय. घासून झाल्यावर त्याने खोडरबराचा चुरासुद्धा तळहातावर गोळा केला आणि खिडकीबाहेर टाकला.

अण्णा हे सगळं पाहत होते. चहा त्यांनी स्वतः केला आणि चांगल्या कपातून दिला.

कार्ड बसलं. अक्षरं अशी दिसायला लागली की पूर्णविरामसुद्धा गोल दिसावा. "आता कसं?" बोरसे म्हणाला.

"छान," वासंती दात ओठ खात म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा झोपले. लाल गाडी सुटली, थांबली, सुटली, दरीत पडली. फक्त आता दरी फार स्पष्ट दिसत होती.

मग काय, ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं की दर वेळी नवी लबाडी लागते. ती पुन्हा नाक्यावर गेली. त्या आठवड्यात त्याची दुसरी शिफ्ट होती, म्हणजे टेबलावर सकाळी. शाळा सकाळची, म्हणून तिने अर्धी रजा टाकली. त्याच्या शिफ्टा तिला एव्हाना साताच्या पाढ्यासारख्या पाठ झाल्या होत्या आणि त्याचाही तिला राग येत होता.

"रंग बरोबर येत नाहीत," ती म्हणाली.

"प्रश्नपत्रिका रंगीत झाल्या?"

"भूगोलाचे नकाशे असतात. सगळ्या विषयांच्या माझ्याकडेच येतात."

"हां," तो म्हणाला. "नकाशे." आणि त्याने दुप्पट मेमरीचं कार्ड शोधून आणलं. पुन्हा खोडरबर, पुन्हा चांगला कप. या वेळी अण्णांनी त्याला गाव, शेती, घरी कोण, सगळं विचारून घेतलं. आई आहे, मंजुळाबाई. धाकटी बहीण कॉलेजात. वडील नाहीत. रंग असे आले की घाटातली झाडं हिरवीगार. गाडी मात्र त्या झाडांत तशीच रुतलेली.

अकरा तारखेला, शनिवारी, ती तिसऱ्यांदा गेली. वाटेत तिने नीट विचार करून कारण तयार केलं होतं.

"भूमिती," ती म्हणाली. "घन वस्तू. शंकू, वृत्तचिती... मुलांना फिरवून दाखवायच्या. सगळ्या बाजूंनी. भरभर."

"भरभर?"

"म्हणजे... मुलांचं लक्ष उडतं ना नाहीतर."

तो खाली बघत राहिला. त्याच्या मिशीला काहीतरी होत होतं. "शंकू किती भरभर फिरवायचा मॅडम?"

"तुम्ही हसताय?"

"नाही. असं फिरवायला थ्रीडी कार्ड लागतं. चार-पाच हजारांच्या खाली नवं येत नाही. आणि शंकूसाठी कोणी तेवढे घालत नाही. लाकडाचा शंकू आणा, हातात फिरवा."

बस. वासंती उठली. "तुम्हाला कार्ड द्यायचं नसेल तर तसं सांगा. मुंबई काही चंद्रावर नाही. मी आणते माझी मी."

"आणू नका," तो पहिल्यांदाच घाईने म्हणाला. "मॅडम, तुमच्या बोर्डाला—"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

रविवारी पहाटे तिने वापीहून गाडी पकडली. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने विचारलं, "मशीन नवीन आहे ना?" आता एवढ्या लांब येऊन, चार माणसांत, माझं मशीन कंपनीने फेकलेलं आहे असं कोण सांगेल? "नवीनच आहे," वासंती म्हणाली. सेलमध्ये लावलेलं आठ एमबीचं चकचकीत कार्ड, बाविसशेला. म्हणजे त्या बोरसेला काही कळत नाही, असं म्हणत ती विजयी मुद्रेने परतली.

कार्ड बसेना. डब्यात कार्ड खोचायच्या खाचा, म्हणजे स्लॉट, तीन पांढरे, दोन काळे. कार्डाचे दाते कशालाच जुळत नव्हते. पांढऱ्यात घालून बघितलं, काळ्यात बघितलं, उलटं धरून बघितलं. पट्टीने मोजलं. शेवटी खोडरबराने घासलंसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. परत करावं म्हणून पावती पाहिली तर खाली छापलेलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

दोन दिवस ती फणफणत राहिली. वर्गात एका मुलीवर तिचं उत्तर बरोबर असूनही रागावली आणि मग स्वतःच ओशाळली. मंगळवारी संध्याकाळी ती नाक्यावर गेली. भगवंतशेठ कुठे तरी गेला होता, नशीब. तिने खोका टेबलावर ठेवला.

बोरसेने कार्ड बाहेर काढलं, एकदा पाहिलं. "एजीपी," म्हणाला. "याला वेगळा तपकिरी स्लॉट लागतो. तुमच्या बोर्डाच्या वेळी तो निघालाच नव्हता. तेच सांगत होतो शनिवारी."

"मग ओरडून सांगायचं."

"तुमच्यावर कोण ओरडेल, मॅडम?"

हे त्याने असं काही म्हटलं की वासंतीचा सगळा आव गळून पडला. तिला रडायचं नव्हतं, पण दोन दिवसांचा शीण, लॅमिंग्टन रोडचं ऊन, बाविसशे रुपये... तिने नाक ओढलं आणि बोलून टाकलं. "शंकू-बिंकू काही नाही. मला गेम खेळायचाय. गाड्यांचा. लाल गाडी आहे, घाट आहे, आणि ती मेली चालत नाही. हसा आता."

तो हसला नाही. स्टूल ओढून जवळ बसला. "जास्त कुठं अडकते? वळणावर का सरळ रस्त्याला?"

"वळणावर."

"झाडं असतात तिथं?"

"झाडं आणि... मागून दुसऱ्या गाड्या आल्या की."

"मागून किती येतात?"

"तीन. पण मी पुढे असते." हे सांगताना तिला जरा अभिमान वाटला, आणि तो त्याला दिसला.

गाडी कितव्या नंबरला असताना अडकते, आवाज आधी तुटतो का चित्र, सगळं त्याने विचारलं आणि सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. इतक्या वर्षांत तिला प्रयोजन सोडून दुसरं काही कोणी विचारलंच नव्हतं. तो मात्र विचारत होता, वळणावर गाडी आत घालता की बाहेरून घेता? आणि ती सांगत होती, हातवारे करून, टेबलावर पट्टी फिरवून. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपल्याला हा माणूस फार आवडतो. फार म्हणजे फारच. याचाही तिला मनस्ताप झाला, कारण तारीख चौदा होती.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"गेमचं. पहिल्या दिवशी मशीन चालू केली तेव्हा पडद्यावर गाडीचं चित्र होतं. कोपऱ्यात."

वासंतीने हातातली पट्टी टेबलावर आपटली. "तीन आठवडे... मी तीन आठवडे अक्षरं आणि नकाशे आणि... आणि तुम्ही ऐकून घेत होतात?"

"अण्णा शेजारी बसलेले. त्यांच्यासमोर कसं बोलू? आणि मॅडमनी प्रश्नपत्रिका सांगितलं तर प्रश्नपत्रिका." त्याने पाकीट खिशात घातलं. "आणि खरं सांगू... तुम्ही पुढच्या वेळी काय कारण आणाल, ते ऐकायला बरं वाटायचं. नकाशांचं चांगलं होतं. शंकूचं तर फारच."

"तुम्ही अत्यंत... अत्यंत..." तिला शब्द सापडेना. गणिताची शिक्षिका, मराठीत कच्ची.

"हो," तो म्हणाला. "आहे मी तसा."

त्याने मार्ग काढला. वापीला त्याच्या ओळखीच्या एकाने नवं मशीन जोडायला घेतलं होतं. त्याला ते एजीपी कार्ड दिलं आणि बदल्यात त्याचं आधीचं, चार एमबीचं थ्रीडी कार्ड घेतलं, पांढऱ्या स्लॉटचं. आठ सोडून चार का, म्हणून वासंतीने हुज्जत घातलीच. तर म्हणाला, "तुमच्या मशीनचा प्रोसेसर जुना. कार्ड कितीही पळायला बसलं तरी प्रोसेसरने हाक मारल्याशिवाय ते हलत नाही. जुन्या मशीनला झेपेल तेवढंच घालावं. वरचे पैसे पाण्यात."

एकोणीस तारखेला, रविवारी दुपारी, कार्ड बसलं. अण्णा आत झोपलेले. लाल गाडी सुटली... आणि थांबलीच नाही. घाट अंगावर आला. झाडं सर्रकन मागे गेली. पहिलं वळण, दुसरं वळण, वासंती खुर्चीतच डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. बोरसे मागे उभा होता आणि हळूच म्हणत होता, "आत घाला... आत घाला... हां." शर्यत संपली तेव्हा ती पहिली आली होती आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलेलं होतं. कधी धरलं, दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिने सोडलं. त्याने हात मागे घेतला नाही. तसाच ठेवला, खुर्चीच्या पाठीवर.

"कितवीचा पेपर आहे हा?" दारातून अण्णांचा आवाज आला.

पुढची पाच मिनिटं कशी गेली हे विचारू नका. वासंतीने खरं ते सांगितलं, बोरसे भिंतीकडे बघत राहिला, आणि अण्णा चष्मा पुसत पडद्यावरच्या लाल गाडीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे स्कूटर शिकवली असती तर स्वस्तात पडलं असतं." आणि चहा टाकायला गेले. कप पुन्हा चांगलेच होते.

आता खरं तर आनंद व्हायला हवा. गाडी पळत होती, चोरून खेळायचं कारण उरलं नव्हतं. पण नाक्यावर जायचं कारणही उरलं नव्हतं. कशात काय अन् फाटक्यात पाय. काम झालं की गिऱ्हाइकाने टेबलाशी उभं राहायचं कशाला? माणसाने इतकं नीट काम करू नये. वासंतीला त्या कार्डाचा राग यायला लागला. रोज वाटायचं, आज बिघडेल. ते मेलं बिघडत नव्हतं.

आणि तो? तो एक अक्षर बोलत नव्हता. बावीसला बाजारात भेटला, "गाडी बरी आहे ना?" म्हणाला. सव्वीसला घरी आला, अण्णांशी तास न् तास गप्पा मारल्या, जाताना "येतो मॅडम" म्हणून गेला. येतो म्हणे. कुठून येणार, पाँडिचेरीहून? मसाटहून कंपनीची यंत्रं ट्रकांत भरून जाताना शाळेतून दिसायची. प्रत्येक ट्रकला ती मनातल्या मनात शिव्या घालायची. अण्णा जेवताना एकदाच म्हणाले, "माणूस बरा आहे," आणि आमटी वाढून घेतली. त्यांनाही पुढचं बोलवेना. सगळ्या घराला जणू कोणी खीळ घातली होती.

तीस तारखेला गुरुवार होता. शाळा सुटल्यावर दोनपर्यंत वह्या तपासून वासंती घरी जायला निघाली आणि मसाटच्या फाट्याला उतरली. पायांना कोणी सांगितलं कोण जाणे. ऊन भाजत होतं. कंपनीच्या गेटासमोर शेवटचा ट्रक उभा, माणसं क्रेट चढवतायत, आणि तीनचा भोंगा झाला. निळे शर्ट बाहेर यायला लागले. शेदीडशे पुरुषांत ती एकटी, खांद्याला पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा. सगळे बघत होते. बघा म्हणावं.

तो बाहेर आला, तिला पाहून जागीच थांबला. "मॅडम? कार्ड गेलं का?"

"कार्डाला आग लागो," वासंती म्हणाली. "बोरसे, मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्ही पाँडिचेरीला जाऊ नका. मला ठाऊक आहे, पगार वाढतोय, आई आहे, बहीण आहे. तरी जाऊ नका. मला माझ्याच तोंडाने हे सांगायला लावलंत, याचा मला भयंकर राग आलाय, पण तुमची वाट बघत बसले तर निवृत्त होईन मी."

ट्रकवर क्रेट चढवणारे दोघे क्रेट तसाच धरून उभे राहिले.

बोरसेच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते तिला वाचता आलं नाही. मग तो नेहमीसारखाच, शब्द तपासून म्हणाला, "मी नाही चाललो. मी अकरा तारखेलाच नाही म्हणून लिहून दिलं."

"अकरा?"

"शंकूच्या दिवशी. तुम्ही रागावून गेलात. मी तसाच कंपनीत आलो आणि लिहून दिलं. म्हटलं, हे असलं पाँडिचेरीला आपल्याला कोण ऐकवणार?"

वासंतीने वह्यांचा गठ्ठा छातीशी धरला, नाहीतर तो तिने त्याच्या अंगावर टाकला असता. "एकोणीस दिवस झाले. एकोणीस दिवस मी ट्रक मोजतेय आणि तुम्ही... सांगायला तोंड नव्हतं?"

"काय तोंडाने सांगू?" त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा फाटला. "आजपासून मला नोकरी नाही, मॅडम. नोकरी सोडली म्हणून लग्न करा, असं सांगू? नाक्यावर एक गाळा बघितलाय. मालक म्हणतो आज देतो, उद्या देतो. गाळा हातात आला की सरळ अण्णांसमोर येऊन बसणार होतो. आईलापण तेच कळवलंय. रिकाम्या हातांनी तुमच्या दारात यायचं नव्हतं मला. मी काय, रोज नाक्यावरून तुमची रिक्षा जाताना बघत होतो आणि गाळेवाल्याला शिव्या देत होतो."

"आणि मी नाही म्हणाले असते तर? नोकरीही गेली असती आणि..."

"तर इथंच राहिलो असतो. तुमच्या गावात."

वासंतीला एकदम सगळं अंग हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. "गाळा मिळेल तेव्हा मिळेल," ती म्हणाली. "मला पगार आहे. आणि अण्णा चारला चहा टाकतात. चला."

"असाच? या कपड्यांत?"

"असेच."

"हिशेबाच्या कागदावर एक सही राहिलीय आत. दोन मिनिटं... थांबाल ना?" आणि तो उत्तराची वाट न बघता गेटातून आत पळाला. हळू बोलणारा, हळू चालणारा माणूस, सगळ्या कंपनीदेखत धावत सुटला.

ती गेटाशी उभी राहिली. ऊन तसंच होतं, लोक तसेच बघत होते. क्रेटवाल्यांपैकी एकाने क्रेट खाली ठेवला, हात पुसले आणि वॉचमनची खुर्ची उचलून तिच्यापुढे आणून ठेवली. हा झिपरू, बोरसेचा खोलीतला जोडीदार. तिने त्याला याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "उन्हमा नका उभ्या राहू. आठे बसा."

जन्मभर तिने लोकांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. अजून अण्णांचा होकार नव्हता, गाळा नव्हता, काहीच ठरलं नव्हतं, आणि हा खुशाल वहिनी म्हणतोय. तिने झिपरूकडे रागाने बघितलं, काहीतरी सुनवायला तोंड उघडलं... आणि खुर्चीवर बसली.